थंडीनं बांधलेला रस्ता

कॅनडाच्या वायव्य टोकाचा डेम्पस्टर हायवे वर्षातून दोनदा मध्येच तुटतो आणि त्याची बातमीसुद्धा होत नाही. वाटेत पील आणि मॅकेन्झी अशा दोन मोठ्या नद्या आडव्या येतात. दोन्हींवर पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट गाड्या पलीकडे पोचवते. हिवाळ्यात नद्या गोठल्या की गाड्या सरळ बर्फावरून जातात. मधले काही आठवडे मात्र धड पाणीही नाही आणि धड बर्फही नाही. बोट सोडावी तर प्रवाहातून बर्फाचे तुकडे वाहत येताहेत, गाडी घालावी तर वरचा थर कच्चा. तेव्हा रस्ता नदीकाठी येऊन गुपचूप थांबतो. एकदा मेच्या आसपास, बर्फ फुटताना. आणि एकदा ऑक्टोबर सरताना, बर्फ धरताना. त्या दिवसांत पलीकडच्या गावांत दूध-भाजी विमानानं येते आणि विमानाच्याच भावानं विकली जाते.

मी व्हाइटहॉर्सला राहते. कॅनडाच्या नकाशात अलास्काला चिकटून वायव्येचा जो तुकडा दिसतो तो युकॉन, आणि व्हाइटहॉर्स ही त्याची राजधानी. माझं काम लहान-मोठ्या दवाखान्यांतली यंत्रं तपासून देण्याचं. तपासणीची साधनं पेट्यांत भरून न्यावी लागतात, त्यामुळे विमानापेक्षा पिकअप सोयीची पडते. असा हा रस्ता पोटापाण्यासाठी गळ्यात पडला आणि मग आवडायला लागला. व्हाइटहॉर्सपासून उत्तरेला पाचेकशे किलोमीटर डांबरी रस्ता, डॉसन सिटी चाळीसेक किलोमीटर राहिली की उजवीकडे एक फाटा फुटतो. तोच डेम्पस्टर. तिथून रस्त्याच्या उत्तर टोकाच्या इनुविक गावापर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, जवळजवळ सगळा खडीचा.

कराडकडून आलेल्या माणसाला थंडी म्हणजे अडचण वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे रस्त्याचा शत्रू पाऊस, तसा इथे बर्फ असणार, असं मी धरून चालले होते. सगळ्या ऋतूंत ये-जा केल्यावर माझं मत पार उलटं झालं. या रस्त्याला थंडी बांधते. मोडते ती ऊब.

हे समजायला रस्त्याच्या पोटात काय आहे ते बघायला हवं. या भागातली जमीन खाली कायम गोठलेली असते, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. वर शेवाळ, झुडपं आणि पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, थर असतो आणि तोच उन्हाळ्याची ऊब खाली पोचू देत नाही. हा थर खरवडून रस्ता करायला गेलात तर खालचं बर्फ वितळतं आणि जमिनीचा चिखल होतो. म्हणून इथे खोदायचं नाही. जमीन आहे तशी ठेवून वर खडी-मुरमाचा भराव घालायचा, कुठे सव्वा मीटर तर कुठे जवळपास अडीच मीटर. गाडी चालते ती या भरावावरून. बाजूला साईडपट्टी म्हणावी असं फारसं काही नसतं; चाक कडेवरून घसरलं की थेट खाली टुंड्रात.

त्यात गंमत बघा. हिवाळ्यात भरावाच्या दोन्ही उतारांवर वाऱ्यानं बर्फ साठतो. मला वाटायचं, बरंच झालं, जमीन आणखी गार राहील. पण भुसभुशीत बर्फ म्हणजे गोधडी. बाहेरची उणे चाळीसची थंडी तो जमिनीपर्यंत पोचूच देत नाही. ज्या जमिनीनं हिवाळ्यात मुरवून थंडी प्यायला हवी, ती उबदार राहते आणि पुढच्या उन्हाळ्यात कडेनं खचते. रस्त्याला लांबच लांब भेगा पडतात त्या बहुतेक अशा उतारांच्या वरच्या अंगाला. म्हणजे थंडी पुरेशी न मिळाल्यानं खचलेला रस्ता! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आईला फोनवर मोठ्या उत्साहानं सांगायला गेले. तिला वेगळीच काळजी.

"ते राहू दे. वाटेत जेवायला थांबायला काही आहे का गं?"

"आहे की. हॉटेल आहे."

"एकच?"

"एकच. ३६९ किलोमीटरवर."

फोनवर जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "डबा घेऊन जात जा बाई."

डबा मी नेतेच. उणे तीसला धपाटे दगड होतात, पण काचेखालच्या गरम हवेच्या झोतावर फॉईलमध्ये ठेवले की तासाभरात पुन्हा धपाटे होतात. गाडीभर लसणीचा वास. माझ्याबरोबर कधीकधी येणारा वरिष्ठ व्हाइटहॉर्समध्येच वाढलेला. पहिल्यांदा त्यानं खिडकी उघडली होती, आता विचारतो, आज आणलेत ना?

डॉसनच्या फाट्यावर पेट्रोल भरायचं ते काठोकाठ, कारण पुढचा पंप त्याच एकुलत्या हॉटेलपाशी, ईगल प्लेन्सला. मोबाइलची रेंज काही वेळातच जाते आणि मग पार पील नदीपलीकडच्या फोर्ट मॅकफर्सन गावापर्यंत तिची आशा धरायची नाही. सॅटेलाइट फोन, झोपायची जाड पिशवी, दोर, फावडं, दोन स्टेपन्या. दुसऱ्या स्टेपनीला बाहेरचे लोक हसतात. इथल्या खडीत शेल नावाचा दगड असतो, तो पापुद्र्यांनी फुटतो आणि त्याची धार टायर कापून काढते. एक टायर गेल्यावर राहिलेले दोनशे किलोमीटर स्टेपनीशिवाय चालवून बघा, हसू पळून जातं.

हिवाळ्याबद्दल जरा निवांत सांगते, कारण त्याच्याबद्दलच सगळ्यांचा गैरसमज आहे.

इथल्या गाड्यांना पुढच्या जाळीतून विजेचा प्लग लोंबत असतो. इंजिनाला आतून गरम ठेवणारा हीटर त्याला जोडलेला असतो आणि रात्री गाडी भिंतीतल्या सॉकेटला लावून ठेवायची. विसरलात तर सकाळी इंजिनातलं तेल इतकं घट्ट झालेलं असतं की स्टार्टर नुसता कण्हतो. गाडी सुरू झाली तरी पहिले काही किलोमीटर ठकठक-ठकठक होत राहते. टायर रात्रभर ज्या बाजूवर उभे होते ती बाजू सपाट होऊन गोठलेली असते. चालून चालून ती पुन्हा गोल व्हावी लागते. सीटचा फोम आखडतो, स्टिअरिंग जड होतं, श्वासातली वाफ काचेवर आतून गोठते आणि ती बँकेच्या जुन्या कार्डानं खरवडायची. रेडिएटरपुढे आडवा पुठ्ठा किंवा कापड लावायचं, नाहीतर चालत्या गाडीतसुद्धा इंजिन गार पडतं.

हे सगळं झालं की मात्र रस्ता मिळतो तो सुरेख. उन्हाळ्यातले खड्डे दाबलेल्या बर्फानं भरून निघालेले. टोकदार दगड खाली गाडले गेलेले. धूळ नाही, चिखल नाही. आणि घसरतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते: बर्फ खरा निसरडा असतो तो शून्याच्या आसपास, वर पाण्याची फिल्म असते तेव्हा. उणे तीसच्या खाली तो कोरडा, खरखरीत होतो, बुटाखाली करकरतो आणि टायरला धरून ठेवतो. वरिष्ठांचं म्हणणं असं की पारा वर चढायला लागला की वेग कमी करायचा. आपल्याकडे असं वाक्य ऐकून कुणालाही वेड लागेल.

फाट्यापासून सत्तरेक किलोमीटरवर टूम्बस्टोनचे काळे, उभे कडे लागतात, मग १,२८९ मीटर उंचीची नॉर्थ फोर्क खिंड. ही खिंड ओलांडली की डोंगरांची ठेवण हळूहळू बदलत जाते. पुढचे ओगिल्वी डोंगर गोल, मऊ उतारांचे आहेत, कारण हिमयुगात कॅनडाचा बहुतेक भाग बर्फाच्या जाड थराखाली होता तेव्हा हा पट्टा बराचसा मोकळा राहिला. हिमनद्यांनी तो तासलाच नाही. पुढे इंजिनिअर क्रीक नावाचा ओढा आहे, लोखंडाच्या गंजानं त्याचे दगड लालभडक झालेत. हिवाळ्यात पांढऱ्याच्या मध्ये हा लाल डाग दिसला की नव्या माणसाला काहीतरी अपघात झाल्यासारखं वाटतं. मधूनच कुठे रस्ता एकदम दुप्पट रुंद आणि सरळ होतो. ओव्हरटेकची सोय आहे असं समजू नका. अडल्या वेळी विमान उतरवायची धावपट्टी आहे ती.

अडवतो तो वारा. ईगल प्लेन्सच्या पुढे ४०५ व्या किलोमीटरला आर्क्टिक वृत्त ओलांडलं की उजव्या हाताला रिचर्डसन डोंगर सुरू होतात. त्यांच्या पायथ्याच्या एका पट्ट्याला ट्रकवाले 'हरिकेन ॲली' म्हणतात. तिथे बर्फ आकाशातून पडावाच लागत नाही, जमिनीवरचाच उठतो आणि बॉनेटसुद्धा दिसेनासं होतं. मग रस्ता खात्याचे लोक फाटक लावतात आणि सगळी वाहतूक हॉटेलात अडकते. एकदा मी अशी अडकले होते. जेवणाच्या खोलीत डझनभर ट्रकवाले, पत्ते, कॉफीवर कॉफी. कुणीही चिडलेलं नव्हतं. आपल्याकडे घाटात दोन तास जॅम झाला की माणसं जिल्हाधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करतात. इथे एकानं शांतपणे मोजे विणायला काढले. साठीचा, हातावर जहाजाच्या नांगराचा टॅटू असलेला माणूस. मला विचारलं, "भारतात कुठे?" कराड कुठे हे सांगायला मी पुण्यापासून सुरुवात केली, तर म्हणाला, "इनुविकमध्ये एक मशीद आहे, माहीत आहे? विनिपेगहून अख्खी ट्रकवर घालून आणली, पुढे मॅकेन्झी नदीतून तराफ्यावर." ही गोष्ट खरी आहे, २०१० ची. भारत म्हटल्यावर त्याला मशीद का आठवली असेल ते असो, पण वाहतूक हाच ज्याचा धर्म त्याला ती आठवण अभिमानाची होती एवढं खरं.

त्याच खोलीच्या भिंतीवर जुने फोटो लावलेत आणि थांबावं लागलं की माणूस ते बघतोच. त्यांतली एक गोष्ट या रस्त्याच्या नावाची आहे. २१ डिसेंबर १९१० ला इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झजेराल्ड आणि आणखी तिघे फोर्ट मॅकफर्सनहून टपाल घेऊन कुत्र्यांच्या गाड्यांनी डॉसनकडे निघाले. अंतर साडेसातशे किलोमीटरच्या वर. लवकर पोचायचं म्हणून शिधा कमी घेतला होता. वाटाड्या म्हणून सोबत कार्टर नावाचा माजी पोलीस होता. त्यानं ही वाट काही वर्षांपूर्वी एकदाच आणि तीही उलट दिशेनं पाहिलेली. वाटेत इसॉ जॉर्ज हा स्थानिक माणूस भेटला, त्यानं थोडे दिवस वाट दाखवली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी फिट्झजेराल्डनं त्याचे पैसे देऊन त्याला परत पाठवलं. त्यानंतर त्यांना जो ओढा धरून वर चढायचं होतं तो सापडलाच नाही. कितीतरी दिवस एकामागून एक ओढे चाचपले, मग उशिरा माघारी वळले, कुत्री मारून खाल्ली. चौघंही मेले, शेवटचे दोघे फोर्ट मॅकफर्सनपासून फार तर चाळीस किलोमीटरवर. मार्च १९११ मध्ये त्यांना शोधून काढलं ते कॉर्पोरल डेम्पस्टरच्या तुकडीनं. त्या तुकडीत वाट दाखवायला चार्ली स्टुअर्ट हा ग्विचिन, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, माणूस होता.

गोष्ट सांगणारे थंडीनं बळी घेतला म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. त्याच थंडीत ग्विचिन लोक पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबकबिल्यासह याच डोंगरांतून ये-जा करत होते, आणि प्रवासाला सोयीचा काळ तोच, कारण नद्या आणि दलदली गोठल्या की जिकडे बघावं तिकडे वाट असते. चौघांना मारलं ते इसॉ जॉर्जला परत पाठवण्यानं. रस्त्याला नाव डेम्पस्टरचं मिळालं. भला माणूस होता, तक्रार नाही. पण एखाद्या पुलाला, आणि पूल नाही तर निदान एखाद्या थांब्याला, चार्ली स्टुअर्टचं नाव द्यायला हरकत नव्हती.

रस्ता प्रत्यक्षात यायला पुढे कित्येक वर्षं गेली. १९५९ मध्ये काम सुरू झालं, पंतप्रधान डीफेनबेकर यांच्या काळात, ईगल प्लेन्सच्या भागात तेल मिळेल या आशेनं. तेल मनासारखं मिळालं नाही, थोडा रस्ता झाला आणि काम थांबलं. १९६८ मध्ये अलास्काच्या प्रूडो बेला प्रचंड तेल सापडलं तशी ओटावाला, म्हणजे केंद्र सरकारला, पुन्हा जाग आली. ओगिल्वी आणि ईगल या नद्यांवरचे पूल लष्कराच्या अभियंत्यांनी बांधले. ऑगस्ट १९७९ मध्ये रस्ता खुला झाला. वीस वर्षं म्हणजे आपल्याकडच्या काही उड्डाणपुलांच्या मानानं फार नाहीत.

५३९ व्या किलोमीटरला पील नदी. हिवाळ्यात इथे तुम्ही उतार उतरता आणि कळायच्या आत नदीवर असता. बर्फाचा पूल आपोआप होत नाही, तो वाढवतात. नदी गोठली की आधी हलक्या गाड्यांवरून माणसं जाऊन भोकं पाडून जाडी मोजतात. मग बर्फावर पंपानं पाणी सोडायचं, ते गोठू द्यायचं, पुन्हा सोडायचं. थरावर थर. जाडी वाढेल तशी काठावरच्या पाटीवरची वजनाची मर्यादा वाढत जाते. आधी फक्त मोटारी, शेवटी माल भरलेले मोठे ट्रक. त्यावरून जाताना वेग कमी ठेवायचा याचं कारण घसरण्याशी नाही. गाडीच्या वजनानं बर्फाचा थर किंचित वाकतो आणि खालच्या पाण्यात एक लाट गाडीबरोबर धावायला लागते. वेग चुकीचा धरला तर ती लाट मोठी होते, काठावर आपटून परत येते आणि बर्फ फोडू शकते. म्हणून काठाजवळ तर अगदीच सावकाश. खिडकी थोडी खाली केली की बर्फ तडतडल्याचा आवाज येतो, मध्येच तोफ उडाल्यासारखा मोठा. तो आवाज चांगला. ताण मोकळा होत असतो. असं मला सांगितलं गेलंय आणि मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय.

इनुविकला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मावळलेला सूर्य साधारण ६ जानेवारीला पुन्हा दिसतो. तो आला की गावात मोठा उत्सव होतो, आतषबाजी, शेकोट्या. पण त्या महिनाभरात काळोखच असतो असं नाही. दुपारी काही तास दक्षिणेला गुलाबी आणि वर निळा असा उजेड असतो, सावली न पडणारा. त्या उजेडात समोरचा बर्फ किती अंतरावर आहे ते कळत नाही. गाडी चालवायला अवघड, आणि तरी दर वेळी मी ती वेळ रस्त्यात गाठायला बघते.

वसंताबद्दल थोडक्यात. तो मला आवडत नाही. एप्रिलमध्ये ऊन चढतं, दिवसा रस्ता मऊ आणि रात्री गोठलेला. बर्फाच्या पुलावर पाणी साचतं. ट्रकवाले रात्री मालाच्या खेपा मारतात कारण पूल बंद व्हायच्या आत गावांत पुढच्या काही आठवड्यांचा साठा पोचवायचा असतो. आपली पावसाळ्याआधीची बेगमी तशी ही. डॉसनमध्ये युकॉन नदीचा बर्फ कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी फुटणार यावर दरवर्षी पैजा लागतात. नदीच्या मध्यावर एक तिकाटणं रोवलेलं असतं, ते हललं की काठावरचं घड्याळ थांबतं. उत्तरेकडच्या नद्या त्याच्यानंतर फुटतात. आणि मग रस्ता बंद.

जूनमध्ये फेरी सुरू होते आणि पाठोपाठ पाहुणे. मोटारसायकलवाले, मोठाल्या घरगाड्या, कॅल्गरी-एडमंटनची मराठी मंडळी. सूर्य मावळत नाही. इनुविकला जवळजवळ आठ आठवडे तो क्षितिजाखाली जात नाही. ऐकायला फार छान. गाडी चालवणाऱ्याचा त्यात एक तोटा होतो, थांबायचं कारणच सापडत नाही. रात्री एक वाजता ऊन तिरकं पिवळं पडलेलं, पुढच्या ट्रकची धूळ अर्धा किलोमीटर तशीच लटकलेली, आणि आपण "अजून थोडं" म्हणत जातोय. शरीराला थकवा कळतो, डोळ्यांना पटत नाही. पाऊस आला तर ईगल प्लेन्सच्या आसपासचा रस्ता साबण होतो आणि गाडीचा रंग कोणता ते नंबरप्लेटसकट विसरायचं. बर्फात मी या रस्त्यावर कधी घाबरले नाही. जुलैच्या पावसात घाबरले आहे. आणि डास. त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर लेखाचा तोल जाईल.

फेऱ्या फुकट आहेत. पीलची बोट तारेच्या आधारानं अलीकडून पलीकडे जाते. पाणी रोज चढतं-उतरतं, म्हणून काठावरचा खडीचा उतार लोडर लावून सारखा सरकवत राहावा लागतो. बोटीवरच्या माणसांचं निम्मं काम हेच. मॅकेन्झीची बोट तीन ठिकाणी लागते, रस्त्याचे दोन काठ आणि तिसरं त्सिगेचिक गाव, दोन नद्यांच्या संगमावर उंच टेकाडावर वसलेलं. बोटीवर चढताना तुम्हाला कुठे जायचंय ते सांगावं लागतं, नाहीतर फुकटात संगमदर्शन होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याचं सगळे कौतुक करतात. टूम्बस्टोनचे उतार बुटक्या बर्चनं लाल होतात, मध्ये विलोचं पिवळं, पायाशी ब्लूबेरी. सुंदर असतं, नाही कशाला म्हणू. पण दर वळणावर तीन तिपाया आणि त्यांच्यामागे तीन जाकीटवाले. मला त्यापेक्षा त्यानंतरचे दिवस जास्त आवडतात. पानं झडलेली, पर्यटक पळालेले, आणि पॉर्क्युपाइन कळपाच्या कॅरिबूंची चाहूल. २०१७ च्या मोजणीत या कळपात दोन लाखांच्या वर जनावरं होती. वसंतात ती अलास्काच्या समुद्रकाठी विणीला जातात आणि हिवाळ्यासाठी इकडच्या डोंगरांत उतरतात. ग्विचिन वडीलधारे सांगतात की पुढच्या तुकडीला हात लावू नका, तिला रस्ता ओलांडू द्या. पुढच्यांनी वाट धरली की मागचे येतातच. एकदा मी इंजिन बंद करून बसले होते. आधी काही नाही, मग खुरांचा एक बारीक टिकटिक आवाज. कॅरिबू चालताना त्यांच्या पायातले स्नायुबंध हाडावरून सरकतात, त्याचा तो आवाज. एक मादी भरावावर चढली, माझ्या गाडीकडे बघितलं, नाक उडवलं आणि पलीकडे उतरली. तिच्यामागे रांग लागली ती किती वेळ, मोजलं नाही. मागून एक ट्रक आला, तोही थांबला. त्यानं हॉर्न वाजवला नाही.

इनुविकच्या पुढे पूर्वी रस्ताच नव्हता. हिवाळ्यात मॅकेन्झीच्या फाट्यांवरून आणि पुढे गोठलेल्या समुद्रावरून टुक्टोयाकटुकपर्यंत बर्फाचा रस्ता असायचा. २०१७ च्या वसंतात तो शेवटचा चालला. १५ नोव्हेंबर २०१७ ला सुमारे १३८ किलोमीटरचा बारमाही रस्ता सुरू झाला, आणि तो बांधला तोही मुख्यतः हिवाळ्यांतच: गोठलेल्या टुंड्रावर कापड अंथरायचं आणि गोठलेलाच भराव वर टाकायचा. उन्हाळ्यात यंत्रं तिथे नेली असती तर बुडाली असती. टुकच्या, म्हणजे टुक्टोयाकटुकच्या, जवळ पिंगो आहेत, आत बर्फाचा गाभा असलेल्या टेकड्या. त्यांतला सर्वांत मोठा, इब्युक, ४९ मीटर उंच. आणि त्याच गावात समुद्र किनारा खातोय. गोठलेला काठ वितळून लाटांत कोसळतो, काही घरं आतल्या बाजूला हलवावी लागली. डेम्पस्टरवरही जुने ट्रकवाले सांगतात की अलीकडे बर्फाचा पूल उघडायला उशीर होतो, दरडी वाढल्या, जिथे कधी भराव खचला नव्हता तिथे आता दर उन्हाळ्यात खडी ओतावी लागते. कडेला नारिंगी झेंड्या लावलेल्या असतात, पुढे रस्ता बसलाय म्हणून. दोन-तीन वर्षांपूर्वी ज्या ठिकाणी एक झेंडी होती तिथे आता रांग दिसते. बारमाही रस्ता झाल्यावर थंडीची गरज संपली असं ज्यांना वाटलं त्यांनी त्या झेंड्या बघाव्यात.

"आम्ही कधी यावं?" हा प्रश्न कॅल्गरीहून दरवर्षी येतो, साधारण गणपतीत, आरती झाल्यावर फोन फिरतो तेव्हा. प्रश्नाच्या आतच उत्तर असतं, जुलै, कारण मुलांना सुट्टी. मी मार्च सांगते. दिवस तोवर बारा तासांचा झालेला असतो, पूल जाड, रस्ता घट्ट, रात्री अरोरा, म्हणजे आकाशातले ते हिरवे ध्रुवीय झोत, दिसायला पुरेसा अंधार आणि डास शून्य. पलीकडून हसतात, मी चेष्टा करते असं वाटतं त्यांना. मग जुलैत येतात, ईगल प्लेन्सच्या चिखलातून फोटो पाठवतात आणि विचारतात, टायरवाला कुठे मिळेल. हॉटेलशेजारीच मिळतो. मार्चमध्येही तिथेच असतो, फक्त त्याला तेव्हा गप्पा मारायला वेळ असतो.